नागपुरात राहून खाऱ्या दलदलीवर पीएच.डी.: समुद्रपातळीचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा भूगोल यांपैकी एखाद्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊन, नागपुरातच राहून, भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या खाऱ्या दलदलीवर आणि वाढत्या समुद्रपातळीवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ही सगळी प्रक्रिया मी पूर्ण केली आहे, आणि या काळात ज्या गोष्टी कोणत्याही एका ठिकाणी लिहिलेल्या सापडल्या नाहीत, त्या येथे क्रमाने मांडत आहे. हा विषय नागपुरातून करता येतो का, अशी शंका पुष्कळांना असते. करता येतो, आणि काही बाबतींत तो येथून अधिक चांगला करता येतो. मात्र आखणी पहिल्या दिवसापासून काटेकोर हवी, कारण येथून किनारा रात्रभराच्या प्रवासावर आहे आणि विसरलेली वस्तू आणायला परत जाता येत नाही.

१. आधी विषयाचा गाभा पक्का करा

खारी दलदल म्हणजे खाडीच्या किंवा आखाताच्या कडेची अशी सपाट चिखलवट, जिथे झाडांऐवजी क्षार सहन करणारी झुडपे आणि गवते वाढतात. भारतात कांदळवनांवर जेवढे लिहिले गेले, त्याच्या तुलनेत या दलदलीकडे फार कमी लक्ष गेले आहे. तिच्यात सुएडा (किनाऱ्यावर जिला मोरस म्हणतात ती), सॅलिकॉर्निया, आर्थ्रोक्नेमम, सेसुव्हियम आणि एल्युरोपस हे गवत प्रामुख्याने आढळते. कोणती वनस्पती कुठे वाढेल हे मुख्यतः त्या जागेच्या उंचीवर ठरते, कारण वर्षातून किती वेळा आणि किती वेळ भरतीचे पाणी तिथे चढेल हे उंचीवरूनच ठरते.

समुद्रपातळी वाढली की दलदल बुडेलच असे नाही. भरतीचे पाणी गाळ आणते, झाडोरा प्रवाहाचा वेग कमी करतो, गाळ खाली बसतो, मुळे जमिनीत भर घालतात, आणि दलदलीचा पृष्ठभाग हळूहळू उंचावतो. हा उंचावण्याचा वेग समुद्राच्या वाढीच्या वेगाला पुरा पडला तर दलदल टिकते. न पडल्यास ती उघडी चिखलवट होते. जमिनीच्या बाजूला मोकळा उतार असेल तर ती मागे सरकू शकते, पण तिथे बांध, रस्ता किंवा मिठागर असेल तर ती समुद्र आणि भिंत यांच्यामध्ये चेपली जाते.

आता आकडे पाहा. आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. १९०१ ते १९७१ दरम्यान वाढीचा वेग वर्षाला १.३ मि.मी. होता, तो २००६ ते २०१८ दरम्यान ३.७ मि.मी. झाला. म्हणजे ज्या दोन वेगांची तुलना तुम्हाला करायची आहे, ते दोन्ही वर्षाला काही मिलीमीटर एवढेच आहेत. ही गोष्ट मनात कायम ठेवा. प्रश्न, जागा, साधने, प्रवास या सगळ्यांचा निर्णय याच मापाने करायचा आहे.

२. प्रश्न वेळेच्या मापात बसवा

नवे विद्यार्थी सर्वाधिक अडकतात ते येथे. "अमुक खाडीतील दलदल समुद्रपातळीच्या वाढीला टिकेल का?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो थेट मोजमापाने सोडवायचा तर पृष्ठभागाच्या उंचीची नोंद सलग अनेक वर्षे हवी. त्यासाठीचे जगभर मान्य असलेले साधन म्हणजे रॉड सेट (सरफेस एलिव्हेशन टेबल). यात एक पोलादी दांडा पुढे जाईनासा होईपर्यंत जमिनीत ठोकतात, त्यावर आडवा हात बसवतात आणि चार दिशांना प्रत्येकी नऊ काड्या टेकवून पृष्ठभागाची उंची वाचतात. एका केंद्रावर एका वेळी ३६ वाचने होतात. अचूकता मिलीमीटरच्या आसपास असते, पण ऋतूंचे चढउतार वजा होऊन भरवशाचा कल दिसायला किमान तीन ते पाच वर्षे लागतात. दुसरीकडे, २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएच.डी.चा किमान काळ तीन वर्षे आणि कमाल काळ सहा वर्षे आहे, आणि पहिले वर्ष बहुधा कोर्सवर्क व नोंदणीतच जाते. म्हणून नवे सेट केंद्र उभारून त्यावरच संपूर्ण प्रबंध उभा करण्याचा बेत करू नका. एखाद्या संस्थेने आधीच उभारलेली केंद्रे वापरायला मिळत असतील तर गोष्ट वेगळी.

त्याऐवजी असा प्रश्न निवडा ज्याचे उत्तर मिळायला काळ जाण्याची वाट पाहावी लागत नाही. जमिनीत नळा घालून काढलेल्या गाळाच्या उभ्या स्तंभांमधून, म्हणजे गाभ्यांमधून, गेल्या शंभर वर्षांत किती गाळ साचला हे शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून काढता येते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षांचा असल्याने साधारण शतकभराचा इतिहास त्यात वाचता येतो. वेगवेगळ्या उंचीवरील पट्टे हे भविष्यातील वेगवेगळ्या समुद्रपातळ्यांचे प्रतिनिधी मानून वनस्पती, क्षारता आणि सेंद्रिय कार्बन यांची तुलना करता येते. किंवा रोपांवर नियंत्रित प्रयोग करून, किती तास पाण्याखाली राहिल्यास सुएडा आणि सॅलिकॉर्निया यांची वाढ खुंटते, हे तपासता येते. तिसऱ्या प्रकारचे काम नागपुरातील हरितगृहातही होऊ शकते.

विदर्भातील विद्यार्थ्यासाठी आणखी एक दालन आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. दलदलीला लागणारा गाळ समुद्रातून येत असला, तरी त्यातला बराचसा मुळात देशाच्या आतल्या भागातून नद्यांनी आणलेला असतो. नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता या वाटेने गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातून वाहणारी पूर्णा तापीला मिळून सुरतेजवळ अरबी समुद्राला पोहोचते. वाटेत गोसीखुर्द आहे, उकाई आहे. धरणांमागे अडलेला गाळ किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि गाळ घटला की दलदलीची उंचावण्याची क्षमता घटते. नदीच्या वरच्या अंगाकडून हा प्रश्न मांडणारा संशोधक नागपुरातच बसलेला असणे स्वाभाविक आहे.

३. मार्गदर्शक, नोंदणी आणि शिष्यवृत्ती

तुमच्यासमोर साधारण दोन वाटा आहेत. पहिली, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात नोंदणी करून किनाऱ्यावरील एखाद्या संस्थेतील शास्त्रज्ञाला सहमार्गदर्शक घेणे. दुसरी, एसीएसआयआर या सीएसआयआरच्या अकादमीमार्फत नोंदणी करणे. नागपूरची नीरी आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या दोन्ही सीएसआयआरच्या प्रयोगशाळा असल्याने या वाटेने दोन्हीकडच्या सुविधांपर्यंत पोहोचणे सोपे जाते. मार्गदर्शकांना पहिला ईमेल पाठवताना संपूर्ण आराखडा पाठवू नका. एक पानात प्रश्न, जागा आणि कोणते मोजमाप करणार, एवढेच लिहा. सहमार्गदर्शक घेणार असाल तर त्यांची लेखी संमती संशोधन मान्यता समितीसमोर जाण्याआधीच हातात ठेवा.

नेट परीक्षेसाठी जीवशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्यांनी सीएसआयआर-यूजीसीची जीवविज्ञान शाखा, भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रहविज्ञान ही शाखा, आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यूजीसी नेटमधील पर्यावरणविज्ञान हा विषय पाहावा. जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफची ४२,००० रुपये आहे. इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपुरातच मुख्यालय असलेल्या महाज्योतीची, अनुसूचित जातींसाठी बार्टीची आणि मराठा व कुणबी समाजासाठी सारथीची अधिछात्रवृत्ती असते. त्यांच्या जाहिराती ठरावीक तारखेला निघत नाहीत, त्यामुळे संकेतस्थळे नियमित पाहत राहा.

कागदपत्रे आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा:

- दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदव्युत्तर पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र
- नेट किंवा विद्यापीठ प्रवेशपरीक्षेचा निकाल
- जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास मुदतीतील नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र
- अधिवास प्रमाणपत्र, आधार, आधारशी जोडलेले बँक खाते
- मार्गदर्शकाचे संमतिपत्र, सहमार्गदर्शकाचे संमतिपत्र, संशोधन आराखडा
- नोकरीत असल्यास मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र

जात वैधतेसाठी लागणारा वेळ गृहीत धरू नका. अधिछात्रवृत्तीची जाहिरात निघाल्यावर अर्ज केला तर बहुधा उशीर झालेला असतो.

४. जागा निवडा, पण प्रश्न ठरल्यानंतर

भारतातील सर्वांत विस्तीर्ण खाऱ्या दलदली गुजरातमध्ये आहेत, कच्छच्या आखाताभोवती आणि खंबातच्या आखातात. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांच्या पुढे जातो आणि पाण्यात गाळ प्रचंड असतो, त्यामुळे साचण्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ती जागा उत्तम, पण काम करायला अवघड आहे. महाराष्ट्रात ठाणे खाडी, उरण, पनवेल आणि रायगडच्या खाड्यांत दलदलीचे पट्टे आहेत, मात्र ते कांदळवनांच्या मागे किंवा मिठागरांच्या कडेला अरुंद स्वरूपात सापडतात. पूर्व किनाऱ्यावर तामिळनाडूतील कोडियक्करई आणि वेदारण्यमचा परिसर, तसेच आंध्रातील गोदावरीच्या मुखाजवळचे कोरिंगा अभयारण्य विचारात घेता येईल.

नागपूरच्या विद्यार्थ्याला मी प्रथम महाराष्ट्राच्या खाड्यांचा विचार करायला सांगेन. मुंबईला रात्रीच्या गाडीने जाता येते, भाषेची अडचण नसते, आणि मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे. हिंदी महासागराच्या परिसरात एवढी जुनी नोंद दुर्मीळ आहे, आणि ती पीएसएमएसएल या आंतरराष्ट्रीय संग्रहातून विनामूल्य मिळते.

मात्र ती वापरताना एक सापळा ओळखून ठेवा. मुंबईच्या दीर्घ नोंदीतून निघणारा वाढीचा वेग वर्षाला सुमारे एक मि.मी.च्या आसपास आहे, आणि तो जागतिक ३.७ मि.मी.शी ताडून "मुंबईत समुद्र कमी वाढतो आहे" असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एक आकडा शतकाहून मोठ्या काळाचा आहे, दुसरा बारा वर्षांचा. तुलना करायची तर दोन्हीकडे एकच कालखंड घ्या, आणि भरती-ओहोटीच्या आवाक्यात १८.६ वर्षांचे चंद्रचक्र असते हेही लक्षात ठेवून छोट्या कालखंडांवरून कल काढू नका.

जागा पाहायला पहिल्यांदा जाल तेव्हा तिच्या जमिनीकडील बाजूला जरूर चालून या. तिथे खारबंदिस्तीचा बांध आहे का, गुरे चरतात का, वेडी बाभूळ शिरली आहे का, सांडपाण्याचा नाला येतो का, हे सारे तुमच्या निष्कर्षांवर परिणाम करणारे घटक आहेत.

५. परवानग्या

सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना, २०१९ नुसार खाऱ्या दलदली सीआरझेड-१अ या सर्वाधिक संवेदनशील वर्गात येतात. निरीक्षण आणि अल्प प्रमाणातील नमुने यांना सहसा अडचण येत नाही, पण जमिनीत दांडे ठोकणे, फळ्यांची पायवाट बांधणे यासाठी लेखी परवानगी असलीच पाहिजे. महाराष्ट्रात खाडीकाठच्या कामासाठी कांदळवन कक्षाशी संपर्क साधावा लागतो. जागा अभयारण्यात असेल, उदाहरणार्थ ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली संशोधनासाठी प्रवेशाचा परवाना लागतो. महाराष्ट्राच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समधील वनभवनात आहे. त्यामुळे कोकणातील कामाच्या फाइलचा पाठपुरावा करणे मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्हाला सोपे जाईल. मिठागरांच्या जमिनींची मालकी बहुधा वेगळ्या खात्याकडे किंवा खासगी भाडेपट्ट्याने असते, ती सातबारा पाहून आधी तपासा.

अर्जासोबत संस्थेचे शिफारसपत्र, दोन पानी सारांश, अक्षांश-रेखांशांसह नकाशा, नमुन्यांची संख्या आणि वजन, साधनांची यादी, सोबत येणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र आणि अहवाल सादर करण्याचे हमीपत्र जोडा. नमुन्यांचे वजन न लिहिल्याने अर्ज परत येण्याचे प्रकार सर्रास घडतात. मागितलेला कालावधी तुमच्या गरजेपेक्षा किमान एका पावसाळ्याने जास्त ठेवा.

६. दौरा भरतीच्या वेळेवरून ठरवा

रेल्वेचे आरक्षण करण्याआधी भरतीचे तक्ते पाहा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रमुख बंदरांसाठी ते प्रसिद्ध करतो. कोकणातील कोळी बांधव पिढ्यान्पिढ्या जो आडाखा वापरतात तोही शिकून घ्या: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला ती साडेअकरा-बाराच्या सुमारास येते. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हा आडाखा मुंबई आणि लगतच्या कोकणापुरता आहे; कच्छ-खंबातच्या आखातांत पाणी आत शिरायला वेळ लागतो, तिथे छापील तक्त्याशिवाय पाऊल टाकू नका.

यातून कामाची आखणी सरळ निघते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि मुंबई परिसरात ते दुपारी व मध्यरात्री चढते. म्हणजे खालच्या चिखलवटीतले काम भल्या सकाळी किंवा सायंकाळी करावे लागते, आणि वरच्या पट्ट्यापर्यंत पाणी कुठवर पोहोचते हे पाहायचे असेल तर तीच दुपार गाठावी लागते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी वर चढतच नाही, ओहोटी दुपारी येते, आणि वरच्या दलदलीत दिवसभर निवांत काम करता येते. गाभे काढणे, रोपे मोजणे, समतलन (उंचीची मोजणी) ही कामे भांगाच्या दिवसांसाठी राखून ठेवा.

ऋतूंबाबतही सावध राहा. सॅलिकॉर्निया ब्रॅकिएटा ही वर्षायू वनस्पती आहे, त्यामुळे वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत त्याच जागेचे आच्छादन पूर्णपणे वेगळे दिसते. वरच्या पट्ट्यातील क्षारता मे महिन्यात शिखरावर असते, मिठाची पापुद्री दिसते, आणि पावसाळ्यात ती धुऊन जाते. एकाच दौऱ्याच्या आकड्यांवरून दलदलीचे वर्णन करणारा प्रबंध परीक्षकांसमोर टिकत नाही. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस असे निदान तीन दौरे आखा.

७. उंचीचा शून्य कोणता, हे सर्वप्रथम निश्चित करा

या टप्प्यावर मी मुद्दाम जास्त वेळ थांबत आहे, कारण या विषयातील सर्वांत महागडे घोटाळे येथे होतात आणि ते लेखनाला बसेपर्यंत लक्षात येत नाहीत.

तुमच्या हातात तीन प्रकारच्या उंच्या येतील. भरतीच्या तक्त्यातील उंची नाविक नकाशाच्या शून्यापासून मोजलेली असते. मुंबईत हा शून्य सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवरील (उंची ठरवून ठेवलेल्या पक्क्या खुणेवरील) उंची ही नऊ भरतीमापक केंद्रांच्या सरासरीवरून १९०९ मध्ये ठरवलेल्या राष्ट्रीय शून्यापासूनची असते. आणि जीपीएस जी उंची देतो ती पृथ्वीच्या काल्पनिक लंबगोलापासूनची असते. भारतात ती आणि समुद्रपातळीपासूनची उंची यांत कित्येक दहा मीटरांचा फरक पडतो. यंत्रावर ऋण उंची दिसली म्हणून यंत्र बिघडलेले नसते. या तिन्हींचा परस्परसंबंध तुमच्या जागेसाठी एकदा लिहून काढा आणि मार्गदर्शकांकडून तपासून घ्या.

प्रत्यक्ष पद्धत अशी ठेवा. दलदलीच्या बाहेर, पुलाच्या कठड्यासारख्या न हलणाऱ्या पक्क्या बांधकामावर स्वतःचा बेंचमार्क निश्चित करा. सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स या कायमस्वरूपी जीपीएस केंद्रांच्या जाळ्याच्या साहाय्याने आरटीके या अधिक अचूक जीपीएस यंत्रावर त्याची उंची काढा. तिथून दलदलीतील सर्व ठिकाणांपर्यंत डिजिटल लेव्हलने समतलन करा आणि फेरी परत बेंचमार्कवर आणून बंद करा. दाब मोजणारा छोटा पाणीपातळी नोंदक त्याच बेंचमार्कशी जोडून किमान एक चांद्रमास ठेवा, म्हणजे तुमच्या दलदलीवर पाणी नेमके कधी आणि किती चढते हे बंदराच्या तक्त्यावर विसंबून न राहता कळेल.

आरटीकेची उभी अचूकता दोन-तीन सेंटीमीटरची असते. वनस्पतींचे पट्टे आखायला ती पुरेशी आहे, पण दोन वर्षांच्या अंतराने आरटीकेने मोजून "दलदल वर्षाला चार मि.मी. उंचावली" असे लिहिता येत नाही, कारण तो फरक यंत्राच्या चुकीच्या मर्यादेतच बुडालेला असतो.

८. चिखलात उतरताना

सोबत घ्यायचे साहित्य:

- गाभ्यासाठी पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियमचे नळे, दोन्ही बाजूंची बुचे, रबरी हातोडा
- अर्धा मीटर बाजूची चौकट, पन्नास मीटरचा फीता, बांबूच्या खुणा
- क्षारतेसाठी रिफ्रॅक्टोमीटर, मातीतील पाणी ओढण्याची सिरिंज व नळी
- बर्फाचा डबा, जाड पिशव्या, पाण्याने न पुसणारी लेबले, पेन्सिल
- घट्ट बसणारे बूट, पायांखाली टाकण्यासाठी फळ्या, दोर, पुरेसे पिण्याचे पाणी

चिखलात एकट्याने कधीही जाऊ नका. त्या खाडीत रोज उतरणाऱ्या स्थानिक व्यक्तीला योग्य मोबदला देऊन सोबत घ्या आणि तिने "आता निघा" म्हटले की काम अर्धे टाकून निघा. भरती मागच्या नाळीतून आधी शिरते आणि परतीची वाट बंद करते.

गाभा काढताना नळ्याच्या आतील आणि बाहेरील मातीची पातळी दोन्ही मोजा. दोहोंतील फरक म्हणजे दाबली गेलेली माती. ही नोंद नसेल तर साचण्याचा वेग आणि कार्बनचा साठा दोन्ही चुकतात. गाळाचा अलीकडचा थर मोजायला पांढऱ्या फेल्डस्पार भुकटीचा थर अंथरण्याची रीत आहे, पण जोराच्या प्रवाहात तो वाहून जातो आणि खेकडे तो उकरतात, म्हणून प्रत्येक केंद्रावर किमान तीन थर अंथरा.

एकाच दलदलीत चाळीस चौकटी टाकल्या म्हणजे चाळीस स्वतंत्र नमुने झाले असे सांख्यिकी मानत नाही. दोन खाड्यांची तुलना करायची असेल तर तुमचा नमुना दोनच खाड्यांचा आहे. जागांची संख्या वाढवा, चौकटी कमी केल्या तरी चालतील.

९. नमुने नागपुरात आणल्यानंतर

मातीच्या कामासाठी नागपूर भाग्यवान आहे. अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विभागीय कार्यालय आहे, नीरी आहे. किनाऱ्यावरील नमुने येण्याआधी खारपाणपट्ट्यातील माती आणून क्षारता, सोडियमचे प्रमाण आणि कणरचना यांच्या पद्धतींवर हात बसवा. विद्युतवाहकता संपृक्त लगद्यात मोजली की एकास दोन द्रावणात, हे प्रत्येक आकड्यासोबत लिहा. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

सेंद्रिय पदार्थ मोजण्यासाठी ५५० अंश सेल्सिअसला माती जाळून वजनातील घट पाहतात. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या चिकणमातीत ही पद्धत फसवते, कारण चिकणखनिजांतील पाणीही त्या तापमानाला निघून जाते आणि सेंद्रिय पदार्थ खरा आहे त्याहून जास्त दिसतो. म्हणून काही नमुन्यांचा कार्बन मूलद्रव्य विश्लेषकावर काढून तुमच्या मातीसाठी स्वतंत्र समीकरण बसवा. शिसे-२१० साठी गामा किंवा अल्फा मापनाची सोय असलेल्या प्रयोगशाळेशी दौऱ्याआधीच बोलून नमुन्याचे वजन आणि रांगेचा कालावधी विचारून घ्या. त्याला पडताळा म्हणून सीझियम-१३७ वापरतात, ज्याचे शिखर १९६३ च्या सुमाराच्या अणुचाचण्यांचे असते, मात्र आपल्या अक्षांशांत तो ठसा क्षीण असतो आणि त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

मे महिन्यात गोठवलेले नमुने रेल्वेने नागपुरात आणू नका. मातीतील पाण्याची क्षारता आणि आम्लता जागेवरच मोजा, आणि उरलेले नमुने शक्य तर सहमार्गदर्शकाच्या संस्थेतच वाळवून मग पाठवा.

१०. उपग्रह प्रतिमा

या कामासाठी शहराबाहेर जाण्याची गरज नाही. इस्रोचे मध्य विभागीय सुदूर संवेदन केंद्र आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र दोन्ही नागपुरात आहेत. सेंटिनेल-२ च्या दहा मीटर विभेदनाच्या प्रतिमा २०१५ पासून आणि लँडसॅटच्या त्याहून जुन्या प्रतिमा विनामूल्य मिळतात.

धोका वेळेचा आहे. हे उपग्रह रोज येत नाहीत, पण येतात तेव्हा ठरावीक स्थानिक वेळेला, सकाळी साधारण साडेदहा-अकराच्या सुमारास डोक्यावरून जातात. वर दिलेला पाऊणपटीचा आडाखा लावून पाहा: मुंबई परिसरात अमावास्या-पौर्णिमेच्या प्रतिमेत पाणी जवळजवळ पूर्ण भरतीला असते, तर अष्टमीच्या प्रतिमेत ते ओहोटीकडे झुकलेले असते. त्यामुळे उधाणाच्या ओहोटीतील सर्वांत खालची चिखलवट या प्रतिमांत कधी दिसतच नाही, आणि १९९५ ची अष्टमीची प्रतिमा २०२० च्या पौर्णिमेच्या प्रतिमेशी ताडली तर समुद्राने जमीन गिळल्याचा आभास होतो. प्रत्येक प्रतिमेसोबत त्या क्षणाची भरतीची उंची आणि महिना नोंदवा, आणि सारख्या स्थितीतील प्रतिमाच जोड्यांनी तपासा.

विनामूल्य मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांत, उदाहरणार्थ एसआरटीएममध्ये, चूक काही मीटरांची असते आणि कांदळवनाचा शेंडाच जमीन म्हणून मोजला जातो. त्यावर अर्धा मीटर पाणी चढवून "२१०० साली अमुक गावे बुडतील" असा रंगीत नकाशा काढणे सोपे आहे, पण त्यात गाळ साचणे, बांध आणि उंचीतील चूक यांपैकी काहीच धरलेले नसते. गावांची नावे घेऊन असे नकाशे प्रसिद्ध करू नका. तिथे माणसे राहतात आणि त्यांच्या जमिनींचे व्यवहार त्यावर ठरतात.

११. वाचन आणि लेखन

या विषयाचे बरेचसे मूलभूत लेखन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील, विशेषतः दक्षिण कॅरोलिनातील नॉर्थ इनलेट आणि मॅसॅच्युसेट्समधील प्लम आयलंड येथील कामातून आले आहे. तेथील दलदल स्पार्टिना या उंच गवताची आहे, मुळांच्या साठ्याने जमीन उंचावण्याचा वाटा मोठा आहे, आणि मोसमी पाऊस नाही. आपल्याकडे मांसल पानांची ठेंगणी झुडपे, खनिज गाळ आणि चार महिन्यांत पडणारा पाऊस आहे. तेथील प्रतिमाने (मॉडेल) वापरा, पण त्यांतील वनस्पतींच्या वाढीचे आकडे जसेच्या तसे उचलू नका; प्रत्येक घटकासाठी स्वतःचा किंवा भारतीय किनाऱ्यावरील आकडा नसेल तर संवेदनशीलता (आकडा बदलल्यास उत्तर किती बदलते ते) तपासून तसे स्पष्ट लिहा.

प्रबंधाच्या परिशिष्टात तुमच्या बेंचमार्कची पूर्ण नोंद द्या: अक्षांश-रेखांश, कोणत्या शून्यापासून किती उंची, समतलन फेरीतील बंद-त्रुटी, जवळच्या दोन पक्क्या खुणांपासूनचे अंतर आणि छायाचित्र. हीच नोंद वनखात्याला द्यायच्या अहवालात जोडा, आणि अहवालाची एक मराठी प्रत, गुजरातेत काम केले असल्यास गुजराती प्रत, त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि सोबत आलेल्या स्थानिक साथीदारांना द्या. कच्चे आकडे एखाद्या खुल्या संग्रहात ठेवा. पाच-दहा वर्षांनी त्याच दांड्यावर किंवा त्याच बेंचमार्कवरून कोणी पुन्हा मोजले, तर तुमच्या प्रबंधात ज्या मिलीमीटरांच्या प्रश्नाला हात घालता आला नाही, त्याचे उत्तर त्या संशोधकाला एका दौऱ्यात मिळू शकेल. त्यासाठी खुणेचा क्रमांक दगडावर कोरून घ्या, रंगाने लिहिलेला एका पावसाळ्यात जातो.